बुधवार पेठ, पुणे : छोटा व्यापार व प्रसिद्धी

पुण्याच्या मध्यवस्तीतील किरकोळ व्यापाराची जुनी पेठ. जाहिरातीवर फारसा खर्च न करता छोटा दुकानदार गिऱ्हाईक कसे मिळवतो, याचे नमुने येथे पाहायला मिळतात.

पहिला नमुना एकाच मालाच्या दुकानांच्या दाटीचा. तुळशीबागेत भांडी, खोटे दागिने, सौंदर्यप्रसाधने. तपकीर गल्लीत विजेचे साहित्य. अप्पा बळवंत चौकात पुस्तके. शेजारीच प्रतिस्पर्धी असला, तरी माल हमखास मिळणार या खात्रीने गिऱ्हाईक येते ते गल्लीच्या नावावर. स्पर्धक विक्रेते एकमेकांजवळ का सरकतात, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये गणिताने मांडले. तुळशीबागेला त्यासाठी गणित लागले नाही.

दुसरा नमुना उत्सवाचा. दगडूशेठ हे मिठाईचे व्यापारी. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणपतीबरोबर ‘हलवाई’ ही त्यांच्या व्यवसायाची ओळखही देशभर पोहोचली. ही श्रद्धेची कथा, जाहिरातीची नव्हे. पण एवढी कीर्ती विकत घेऊन मिळत नाही. गणेशोत्सवातील कमानी आणि मंडळांच्या स्मरणिका मात्र उघड जाहिरातीच.

तिसरा नमुना हंगामाचा. जूनमध्ये शाळा सुरू होताना अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते.