सावित्रीत मासे मेले, म्हणजे ॲसिडचा पाऊस पडला का? समजून घ्या

नदीत मेलेले मासे दिसले की व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात आणि सोबत एक ओळ असते, 'ॲसिडचा पाऊस पडला!' महाड, पोलादपूरसारख्या भागात, जिथे सावित्री नदी आहे आणि शेजारी रासायनिक कारखान्यांची एमआयडीसीही आहे, तिथे हे पटकन खरं वाटतं. पण आम्ल पाऊस असा एका रात्रीत मासे मारत नाही. तो वर्षानुवर्षं काम करतो.

आम्ल पाऊस म्हणजे काय?

कोळसा, डिझेल जळल्यावर सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड हवेत जातात. ढगातल्या पाण्याशी मिसळून त्यांचं आम्ल बनतं. स्वच्छ पावसाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 5.6 असतो. त्याखाली गेला की तो आम्ल पाऊस. पीएच एका अंकाने घसरला, तर आम्लता 10 पट वाढते.

तळ्याचं आणि नदीचं काय होतं?

पीएच 6 च्या खाली गेला की गोगलगायी, शिंपले आणि काही बारीक जीव कमी होऊ लागतात. 5 च्या आसपास बहुतेक माशांची अंडी उबत नाहीत. मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतं.

कॅनडात शास्त्रज्ञांनी 1976 पासून एका तळ्यात मुद्दाम थोडं थोडं आम्ल मिसळलं. मोठे मासे लगेच मेले नाहीत. आधी त्यांचं खाद्य असलेले छोटे मासे आणि झिंगे संपले, मग मोठे मासे हडकुळे झाले. गंमत म्हणजे आम्लधर्मी तळं अनेकदा जास्त नितळ दिसतं. म्हणून पाणी स्वच्छ दिसतंय, यावर जाऊ नका.

आपल्याकडे धोका किती?

भारतातल्या हवेतली चुनायुक्त धूळ पावसातलं आम्ल बरंच मारते. कोकणात पावसाळी वारे समुद्रावरून येतात, हाही फायदा. शिवाय सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम देतो, त्यानेही आम्ल कमी होतं.

जांभ्याचं मात्र तसं नाही. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना धुऊन गेला आहे आणि लोह, ॲल्युमिनियम उरलं आहे. त्यामुळे जांभ्याच्या सड्यावरची छोटी तळी जास्त नाजूक. सावित्री वाहती आहे, तिचं पाणी बदलत राहतं. साठलेल्या पाण्याला ती सोय नसते.

मग मासे अचानक का मरतात?

बहुतेक वेळा कारण दुसरं असतं. सांडपाणी सोडलं जाणं, पाण्यातला ऑक्सिजन घटणं किंवा विषारी रसायन. इथेच 'पावसाने झालं' म्हणण्याचा तोटा आहे. पावसावर खापर फोडलं की सांडपाणी कोणी सोडलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- फोटोसोबत वेळ आणि ठिकाण लिहा.
- पाण्याला हात न लावता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा. पाणी वाहून गेलं की पुरावाही जातो.
- गावातल्या तळ्याचा पीएच दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोजून वहीत लिहा. साधी पीएच पट्टी स्वस्त मिळते.

एका दिवसाच्या आकड्यातून फार कळत नाही. 10 वर्षांच्या नोंदींतून तळं कुठे चाललंय ते दिसतं. आम्ल झालेलं तळं पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात, म्हणून ही वही आजच सुरू केलेली बरी.