दोन तारांची लिपी

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती आले. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली होती. हे लेख सापडले तसे वाचताही आले, कारण १८३७ मध्येच जेम्स प्रिन्सेपने या लिपीची किल्ली शोधून ठेवली होती. सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे त्याच्या ध्यानात आले. ही दानाची नोंद असणार, म्हणजे शब्द 'दानं' असणार, असा त्याने कयास बांधला आणि लिपी उलगडत गेली.

भंडारा जिल्ह्यात अशीच वाचकाची वाट पाहणारी आणखी एक लिपी आहे. ती दगडावर नाही, कारखान्यांच्या आणि पंपघरांच्या जुन्या पॅनलांतून जाणाऱ्या दोन बारीक तारांत आहे. तिचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

या लिपीचे मूळ तारायंत्रात आहे. एकाच तारेवरून एकामागून एक खुणा पाठवायच्या आणि पलीकडच्याने त्या त्याच क्रमाने जुळवून वाचायच्या, ही तारायंत्राची रीत. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७०च्या दशकात प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा ठरावीक संच दिला. त्याच्याच नावावरून संदेशाचा वेग मोजणारे 'बॉड' हे एकक आले. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर निरोपाचे लेखही लिहिले गेले. पण तिची रीत संपली नाही. संगणकाच्या युगात ती 'सिरीयल' या नावाने शिरली. आरएस-२३२ हे मानक १९६० मध्ये आले. मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यातील यंत्रांसाठी 'मॉडबस' ही बोली प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये आरएस-४८५ आले आणि एकाच तारजोडीवर बत्तीस उपकरणे, सुमारे बाराशे मीटरपर्यंत, बोलू शकतील अशी सोय झाली.

आता भंडाऱ्याचा कालपट याच्या शेजारी ठेवून पाहा. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी जुन्या. जवाहरनगरचा आयुध कारखाना १९६०च्या दशकातला. गडेगावचा वाहन कारखाना आणि वरठीचा पोलाद कारखाना १९८०च्या दशकातले. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ची. जिल्ह्याचे औद्योगिक रूप घडले ती दशके आणि सिरीयल तारेच्या भरभराटीची दशके एकच आहेत. त्या काळच्या वजनकाट्याच्या, तापमापकाच्या, वीजमीटरच्या किंवा पाणीपातळी मोजणाऱ्या यंत्राच्या पाठीवर असायचे ते सिरीयलचे तोंड. अशी यंत्रे भक्कम असतात; तीस-तीस वर्षे चालतात.

मधल्या काळात जग मात्र बदलले. १९७३ मध्ये जन्मलेले ईथरनेट कार्यालयांतून कारखान्यात आले आणि १९९९ मध्ये मॉडबसचाही ईथरनेटवर चालणारा अवतार निघाला. आता नव्या नियंत्रण कक्षाला जुन्या मीटरची भाषा कळेना. चालते यंत्र मोडीत काढणे परवडणारे नव्हते, म्हणून दोघांमध्ये एक दुभाषी बसवला गेला. त्याचे नाव गेटवे. तळहातावर मावणाऱ्या या डबीच्या एका बाजूला दोन तारा, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची केबल.

दुभाष्याला आधी दोन्हीकडचे व्याकरण शिकवावे लागते. तारेचा वेग किती बॉड, अक्षरात बिट किती, पॅरिटी सम की विषम की नाहीच, शेवटची खूण एक की दोन, हे सारे जुळले पाहिजे. प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ मधला स्वतंत्र क्रमांक हवा. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध हवा, नाहीतर संदेश टोकाला आपटून परत येतो. वेग किंवा पॅरिटी चुकली तर उत्तरच येत नाही. ही चूक सज्जन म्हणायची. ती लगेच कळते.

खरी भीती खोट्या उत्तराची. मॉडबसमध्ये प्रत्येक मोजमाप एका क्रमांकित कप्प्यात असते. माहितीपुस्तिकेत ४०१०८ लिहिलेला कप्पा तारेवर १०७ म्हणून मागावा लागतो, कारण पुस्तिका एकपासून मोजते आणि तार शून्यापासून. हे विसरले की शेजारच्या कप्प्यातला आकडा येतो, आणि तोही खराच वाटतो. मोठी संख्या दोन कप्प्यांत विभागलेली असते. त्यांचा क्रम उलटला तर एक लाख किलोचे वजन पडद्यावर २,२५,८६,३२,७०५ किलो दिसते. हे निदान हास्यास्पद म्हणून पकडले जाते. पण पाण्याची पातळी अर्ध्या मीटरने चुकली, तर हसू कुणालाच येणार नाही.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारेकर विसरलेले नाहीत. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले, गोसीखुर्दची तेहतीसही दारे उघडली गेली आणि खाली गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत गावे वेढली गेली. अशा रात्री कारधाच्या पुलावरची पातळी हा केवळ आकडा राहत नाही. सामान माळ्यावर चढवायचे की घर सोडायचे, हे त्यावर ठरते. आज देशभर नद्यांवर स्वयंचलित मापकांचे जाळे विस्तारते आहे, आणि त्यांतल्या अनेकांच्या पोटात तोच जुना सिरीयल संवाद चालतो. म्हणूनच जाणता तंत्रज्ञ गेटवे जोडल्यावर पडद्यावर विसंबत नाही. तो नदीकाठी जाऊन रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा डोळ्यांनी वाचतो आणि दोन्ही ताडून पाहतो.

पुस्तिका हरवलेली असेल तर? तेव्हा तो प्रिन्सेपच्याच वाटेने जातो. यंत्राच्या तोंडावर २७.४ अंश दिसत असतील, तर एकेक कप्पा उघडत २७४ हा आकडा कुठे आहे ते शोधतो; तापमान बदलले की तोही बदलतो का, ते पाहतो. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेल्याकडे जाण्याची ही पद्धत पुराभिलेखाची आणि यंत्रशाळेची एकच आहे.

पण दर वेळी प्रिन्सेप भेटेलच असे नाही. जुन्या पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी, तिच्यावर पेनाने लिहिलेले '९६००, ८, सम, १', हा आपल्या औद्योगिक इतिहासाचा दस्तऐवज आहे. रंगकामात ती चिठ्ठी खरवडली जाते, लिहिणारा निवृत्त होतो आणि धडधाकट यंत्र मुके होते. शिवाय एक जबाबदारी नवी आहे. मूळ मॉडबसमध्ये विचारणारा कोण, हे तपासण्याची सोयच नाही. दोन तारा बंद खोलीत होत्या तोवर ते खपून गेले. गेटवेने त्यांना जगाशी जोडले की दाराला कुलूपही लागतेच.

म्हणून एक छोटी सूचना. जिल्ह्याच्या कारखान्यांनी, पाटबंधारे आणि पाणीपुरवठ्याच्या कार्यालयांनी गेटवे बसवताना कप्प्यांचा तक्ता, तारांची खूण आणि ताडून पाहिल्याची तारीख मराठीत लिहून जपावी. पवनीच्या दात्यांनी आपले नाव दगडावर कोरले, म्हणून दोन हजार वर्षांनी ते वाचता आले. आपल्याला दगड लागणार नाही. एक वही पुरेल.