विनोबांचे रजेचे वर्ष

विद्यापीठ सोडणाऱ्यांच्या चरित्रांत त्यागाचा क्षण ठळक होतो. त्यानंतरच्या अध्ययनाची नोंद मात्र त्रोटक राहते. विनोबा भावे यांच्याबाबतीतही असेच घडले आहे. मार्च १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीस गेले. प्रमाणपत्रे त्यांनी आधीच चुलीत घातली होती. जूनमध्ये ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

पुढल्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य आदी ग्रंथ अभ्यासले, काही काळ पायी प्रवास केला आणि मुदत संपताच ते परतले. १९१८ मध्ये गांधीजींना लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी या काळातील अध्ययनाचा व दिनचर्येचा तपशीलवार हिशेब दिला.

पहिल्या प्रस्थानात परतीची वाट ठेवलेली नव्हती; दुसऱ्याला मुदत होती, गुरू होता आणि कोणापाशी तरी उत्तरदायित्व होते. विद्यापीठाचा त्याग म्हणजे अध्ययनाच्या शिस्तीचा त्याग नव्हे, हे वाईच्या वास्तव्यातून दिसते. १९३०-३१ मध्ये रचलेली ‘गीताई’ आणि १९३२ मध्ये धुळे तुरुंगात दिलेली गीताप्रवचने यांची पूर्वतयारी शोधताना म्हणूनच जाळलेल्या प्रमाणपत्रांपेक्षा त्या पाठांकडे अधिक पाहावे लागते. अशा चरित्रांची तुलना करताना काय सोडले याबरोबरच सोडल्यावर कोणाकडे, किती काळ व काय शिकले, हेही विचारले पाहिजे.