तळटीप : ‘डोक्यातले पांढरे डाग’
लेखकाचे ‘पांढरे डाग’ हे एमआरआयच्या चित्रातले आहेत. मेंदूवर प्रत्यक्षात पांढरे काही साचत नाही. या घराण्यातला आजार म्हणजे कॅडॅसिल. पॅरिसच्या संशोधकांनी त्याला हे नाव १९९३मध्ये दिले आणि १९९६मध्ये त्याचे मूळ एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या ‘नॉच-३’ जनुकात दाखवले. या जनुकातल्या दोषाने मेंदूच्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, रक्त कमी पडते आणि चेतातंतूंचे जाळे असलेले श्वेतद्रव्य झिजत जाते. असे डाग उच्च रक्तदाबातही दिसतात, म्हणून डागांपेक्षा त्यांची जागा महत्त्वाची. कानशिलाच्या आतल्या खंडाचे पुढचे टोक रक्तदाबात सहसा शाबूत असते. कॅडॅसिलमध्ये तेच अनेकदा उजळलेले दिसते. पहिल्या झटक्याच्या कितीतरी वर्षे आधी, तिशीतल्या धडधाकट माणसातही हे चित्र उमटू शकते. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि तो बरा करणारे औषध आजही नाही. त्यामुळे काही त्रास नसलेल्या भावंडांची तपासणी समुपदेशनाशिवाय करणे मला क्रूरपणाचे वाटते. पुढच्या प्रकरणात धाकटी बहीण नकार देते तो याच कारणाने. — संपादक