पाइपच्या पोटातला गंज

रेडिओग्राफीच्या कामाला लागलो, तेव्हा उस्तादांनी पहिल्याच रात्री बजावलं होतं : एक्स-रे खोटं बोलत नाही, पण तू जिथे धरशील तेवढंच सांगतो. त्याचा अर्थ मला पुढे एका अपघाताची माहिती वाचताना लागला.

19 ऑगस्ट 2000. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, कार्ल्सबाडजवळ, पेकोस नदीच्या काठी एक गोतावळा तंबू ठोकून उतरला होता. पहाटे साडेपाचच्या सुमाराला जवळूनच जाणारी 30 इंची गॅसवाहिनी फुटली. लहान मुलांसह 12 जण गेले. पाइप 1950 साली टाकलेला होता. गॅसबरोबर आलेलं पाणी आणि घाण सखल जागी साचून तो आतून गंजत गेला होता. पाइपमधून फिरून आतली सफाई करणारं 'पिग' नावाचं यंत्र त्या तुकड्यातून जाऊच शकत नव्हतं.

धातूच्या आत बघायची युक्ती तर शंभर वर्षं जुनी होती. रॉन्टगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि लवकरच स्वतःच्या शिकारी बंदुकीचाही फोटो काढला. पुढे पाइपलाइनचे वेल्ड फिल्मवर तपासणं हा नेहमीचा धंदा झाला. आम्ही तेच करायचो : इरिडियम-192 चा सोर्स, दोरी बांधून रिकामा केलेला परिसर, मग डार्करूम. सोर्सची ताकद 74 दिवसांत निम्मी होते, म्हणजे तेवढ्याच फिल्मला दुप्पट वेळ. एक्स्पोजर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

डिजिटल तंत्र आलं ते दवाखान्यांतून. 1980च्या दशकात फिल्मऐवजी पुन्हा वापरता येणारी फॉस्फर प्लेट आली, नंतर चित्र थेट संगणकावर पाठवणारे पॅनेल. गंजासाठी हे वरदानच ठरलं. पाइपच्या कडेवरून किरण सोडले की भिंतीची जाडी पडद्यावर सरळ मोजता येते. समोरून सोडले, तर जिथे भिंत झिजलीय तिथून जास्त किरण पार होतात आणि राखाडी छटा बदलते. गॅस किरणांना फारसा अडवत नाही, त्यामुळे चालू लाइनही तपासता येते. वरचं इन्सुलेशन काढावं लागत नाही.

पण पॅनेल हातभर लांबीचं आणि लाइन शेकडो किलोमीटरची. जमिनीखालचा पाइप तर आधी खणून उघडा करावा लागतो. कुठे खणायचं, हे पॅनेल सांगत नाही. ते पाणी कुठे साचेल याचा विचार करणारा माणूस सांगतो.

2002 साली अमेरिकेत कायदा बदलला. जिथे फुटल्यास माणसं दगावतील अशा टप्प्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. पुढच्या नियमांत नुसती दाट वस्तीच नाही, तर लोक नेहमी जमतात अशा मोकळ्या जागाही धरल्या गेल्या.

आता साइटवर पॅनेल लावण्याआधी मी नकाशा मागतो. उतार कुठे संपतो ते बघतो. आणि जवळपास कोण राहतं, तेही विचारतो.