पालयेचे सोहिरोबा आणि न उच्चारलेला ओम्

दरवर्षी २१ जूनला योगदिन आला की आमच्याकडे एकच वाद निघतो. आसनांआधी ओम् म्हणायचा की नाही? मागे एकदा बार्देशातला माझा एक ख्रिस्ती मित्र वर्गाला आला होता. सगळे ओम् म्हणत असताना तो डोळे मिटून गप्प बसला आणि नंतर मला विचारलं, "तोंडानं म्हटलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" मी हसून वेळ मारून नेली, पण घरी येऊन पुस्तकं काढली.

लिहिलेलं नाही. पतंजली ओमला ईश्वराचा वाचक शब्द म्हणतात आणि अर्थ मनात धरून जप करायला सांगतात. आवाज किती मोठा, याबद्दल अवाक्षर नाही. मनुस्मृती तर उलट सांगते. विधियज्ञापेक्षा जप दसपट, ओठातल्या ओठात केलेला शतपट आणि मनातला सहस्रपट श्रेष्ठ. १२ मंत्रांचं मांडूक्य उपनिषद अ, उ, म या तीन मात्रांना जागृती, स्वप्न आणि गाढ झोप यांच्याशी जोडतं. चौथी अवस्था मात्र अक्षराच्या पलीकडची. या उपनिषदावर कारिका लिहिल्या त्या गौडपादाचार्यांनी. आपल्या कवळ्याच्या मठाला नाव आहे ते त्यांचंच.

पण हे झालं ग्रंथांतलं. प्रत्यक्ष साधनेसाठी पेडण्याबाहेर जायला नको. १७१४ साली पालये इथं जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये हे नाथपंथी. घराण्याकडे बांद्याचं कुलकर्णीपण. आख्यायिका अशी की सावंतवाडीला बोलावणं आलं म्हणून निघालेले सोहिरोबा वाटेत इन्सुलीला फणस खायला थांबले, तिथं गहिनीनाथ भेटले आणि उपदेश झाला. आता गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे मध्ये पाचशे वर्षं. घटना म्हणून मी हे मांडणार नाही. पण आपली साधना कुठल्या परंपरेतली, हे सांगण्याची त्या काळाची ती रीत होती, आणि तेवढ्यापुरती ती खरीच आहे.

नाथपंथात जपाचं काम श्वासाकडे दिलेलं आहे. श्वास आत जाताना 'सो', बाहेर पडताना 'हं'. न जपता होणारा जप, म्हणून अजपाजप. सोऽहम् मधले स आणि ह काढले की ओम् उरतो, अशी त्यांची फोड. भाषाशास्त्राला ती चालणार नाही, पण साधकाला पुरते. (सोहिरोबा या नावातही मला सोऽहं ऐकू येतो, ही व्युत्पत्ती नव्हे, कानाची सवय.) दिवसाचे श्वास २१,६०० असं हे ग्रंथ सांगतात. इंजिनिअरचा हात वळवळला. २४ तासांचे १,४४० मिनिटं, भागून मिनिटाला १५ श्वास. निरोगी माणसाचा विश्रांतीतला श्वास १२ ते २० असतो, म्हणजे आकडा चपखल बसतो. मोठ्यानं लांबवलेला ओंकार दहा-बारा सेकंद चालला तर मिनिटाला पाच-सहाच होतात. वर्गात मन निवतं त्यात या मंदावलेल्या श्वासाचा वाटा मोठा, असं माझं मत.

आता नदीची गोष्ट, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सोहिरोबा जन्मले तेव्हा पेडणे सावंतवाडीकरांकडे होतं. शापोरा नदीपलीकडे बार्देशात पोर्तुगिजांचा अंमल. १५६० ला सुरू झालेलं इन्क्विझिशन कायमचं बंद झालं १८१२ ला. तिथं हिंदूंच्या उघड पूजाअर्चेला मनाई होती. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ सोळाव्या शतकात पाडलं गेलं, लिंग मांडवी ओलांडून नार्व्याला आलं, आणि नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख आहे. अलीकडे मंत्र मोठ्यानं, पलीकडे मनात. पेडणे १७८८ ला पोर्तुगिजांकडे गेलं तेव्हा लोकांचा धर्म आणि चालीरीती राखायचं वचन मिळालं, म्हणून इथं आवाज टिकला.

तेव्हा माझ्या मित्राला काय सांगायचं? ज्या तीरावर कुणाला तरी गप्प केलं गेलं, त्या गोव्यात कुणाला तरी बोलायला लावणं मला पटत नाही. गप्प बसून त्यानं केला तो नाथांच्या हिशेबानं जपच, त्याला तसं म्हणायचं असो वा नसो. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर केलं की चूक?" मी म्हटलं, श्वास घेत होतास ना?

एक जागा मात्र अशी होती, जिथं ओम् मोठ्यानंच म्हणावा लागे. ती म्हणजे गावठी शाळा. देवळाच्या मंडपात किंवा कुणाच्या ओसरीवर पोरगं धूळपाटीवर पहिलं बोट फिरवी ते 'ॐ नमः सिद्धम्' घोकत. त्याचंच ओनामासीधं झालं, आणि त्यातून सुरुवातीला 'ओनामा' म्हणायला आपण शिकलो. अर्थ पोराला कळत नसे, पंतोजींनाही कितपत कळत असेल देव जाणे. पेडणे-डिचोलीत कुणाच्या माळ्यावर जुनी धूळपाटी पडून असेल तर मंडळाला जरूर कळवा. फोटो काढून आणि मापं घेऊन ती जागच्या जागी परत ठेवू.