राळेगणची चराईबंदी आणि रवांडाचे गोरिला

वीकेंडला भटकायला निघालेल्या आपल्यासारख्यांना नियमांची पाटी दिसली की आधी कंटाळा येतो. पण नियम टिकतात कशामुळे?

नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी घ्या. १९७५ नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने गावाने स्वतःवरच बंधनं घातली: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. मोकाट चराई थांबली तसं उतारावर गवत धरलं, पाणी मुरलं. नियम पाळणारे आणि फायदा मिळणारे एकच, म्हणून ते टिकले.

नियम पाळणारा परका असेल तर? रवांडात १९७९ पासून पर्यटकांना पर्वतीय गोरिला दाखवू लागले, तेव्हा हाच पेच होता. पाहुणा तासाभरात परत जातो. त्याच्या सर्दीने गोरिला मात्र मरू शकतो. म्हणून हळूहळू ठरलं: एका कळपाला दिवसातून ८ च पाहुणे, १ तास, ७ मीटर अंतर. २०२० नंतर अंतर १० मीटर झालं, मास्क सक्तीचा झाला. शिवाय २००५ पासून पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा भोवतालच्या गावांना मिळू लागला. म्हणजे राळेगणचंच सूत्र!

आता नगर जिल्ह्यातच, भंडारदऱ्याला, मे-जूनमध्ये काजवे बघायला आपण गर्दी करतो. ते चमकतात जोडीदारासाठी. हेडलाइट, फ्लॅश पडला की तो इशाराच पुसला जातो. काजवे कमी झाले तर नुकसान तिथल्या गावांचं. आपण तोवर दुसरा स्पॉट शोधलेला असतो.

तेव्हा मंडळी, यंदा गेलात तर टॉर्च बंद, पाय वाटेवरच. आणि जेवण गावातच!